पाणी आलं कुठून? खेळासाठी जादू घडवण्याचे दहा महिने

९ जून २०२४, रविवार. डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) या टेबलाभोवती बसून गोष्ट रचत, फासे टाकत खेळायच्या खेळातल्या नव्या कॅम्पेनचा, म्हणजे अनेक बैठकांत चालणाऱ्या गोष्टीचा, पहिला सेशन. दोन महिने खपून मी जग उभं केलं होतं. मिठाच्या वाळवंटाकाठी चार शहरं, चौघांत मिळून गोड्या पाण्याची एकच विहीर, आणि त्या विहिरीवरून तीन पिढ्यांचं वैर. पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी, पहिल्या लेव्हलची, अगदी नवशिकी. वेशीवर तहानेने कासावीस झालेल्या माणसांचा जथा भेटतो, इथून गोष्ट सुरू व्हायची होती. मी रंगात येऊन वर्णन करत होते. माझा धाकटा भाऊ क्लेरिक, म्हणजे जादू करणारा पुजारी, खेळत होता. त्याने कॅरेक्टर शीटवरून मान वर केली आणि म्हणाला, "ताई, पाणीच हवंय ना यांना? मी बनवतो की."

त्याचं काही चुकलं नव्हतं. डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीत क्लेरिकला पहिल्या लेव्हलपासूनच पाणी निर्माण करायचा मंत्र मिळतो. एका वेळी १० गॅलन, म्हणजे साधारण ३८ लिटर, आणि पहिल्या लेव्हलला दिवसाला असे दोन स्लॉट, म्हणजे मंत्र वापरायच्या दोन संधी. त्याच नियमांत लिहिलंय की माणसाला दिवसाला एक गॅलन पाणी लागतं, कडक उन्हात दोन. करा हिशोब. एक नवशिका पुजारी भर वाळवंटात रोज दहा माणसं जगवतो. असे शंभर पुजारी म्हणजे हजार माणसं. मग त्या विहिरीवरून भांडतंय कोण, आणि कशाला?

मी डीएमच्या, म्हणजे खेळ चालवणारीच्या, खुर्चीत बसून नुसती बघत राहिले. तोंडातून एवढंच निघालं, "पण हे पाणी आलं कुठून?"

"मंत्रातून," तो म्हणाला. सगळे हसले. सेशन तिथेच संपला म्हटलं तरी चालेल.

तिथून २३ मार्च २०२५ पर्यंत मी या जगासाठी वेगळी जादू घडवत होते. या कामात आपण कुठे अडकतो हे आधी कुणी सांगितलं असतं तर निदान तीन महिने वाचले असते, म्हणून लिहितेय. पैसा म्हणाल तर एकही गेला नाही. मूळ नियम फुकट मिळतात, फासे घरात होतेच. गेला तो वेळ. डायरीत मांडलेला आकडा दीडशे तासांच्या आसपास भरतो, आणि त्यातले साठ तास मी पहिल्या दोन महिन्यांत वाया घालवले.

ते साठ तास कसे गेले ते आधी सांगते.

पहिला उपाय कुणालाही सुचेल तोच, बंदी. पाण्याचा मंत्र यादीतून काढला. आठवड्याने भाऊ विचारतो, गारांचं वादळ आणणारा मंत्र आहे, त्या लेव्हलला पोचल्यावर गारा गोळा करून वितळवल्या तर? तोही काढला. मग कुणीतरी विचारलं, पाण्याच्या जगातला प्राणी बोलावला तर तो ओला असतो का? या प्रश्नावर मी खरंच अर्धा तास विचार केला. बंदीची यादी वाढत गेली आणि प्रत्येक बंदीला "का?" होतंच. "कारण मी म्हणते" हे उत्तर टेबलावर एकदा चालतं, फार तर दोनदा.

दुसरा उपाय जास्त महागात पडला. मी ठरवलं की आपली स्वतंत्र मंत्रसूची लिहायची. पंचमहाभूतं घेतली, प्रत्येकाला रंग, चिन्ह, सात पायऱ्या. प्रत्येक मंत्राला ‘तेज’ नावाचे गुण खर्च होणार. स्प्रेडशीट उघडली आणि जुलैअखेर १४० मंत्र झाले. एवढा आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता, हे कबूल करते. यादी लिहिणं हा या कामातला सगळ्यात सुखाचा भाग आहे आणि म्हणूनच तो सगळ्यात फसवा. रोज रात्री पाच नवे मंत्र व्हायचे, काम पुढे सरकतंय असं वाटायचं.

१८ ऑगस्टला पहिली प्लेटेस्ट, म्हणजे नियमांची खेळून चाचणी, घेतली. चार खेळाडू, एक लढाई, सहा राक्षस. दोन तासांत संपेल म्हटलं होतं. एक तास चाळीस मिनिटं झाली तेव्हा आम्ही तिसऱ्या फेरीत होतो. मैत्रिणीकडे जादूगार होती. तिच्या हातात अकरा पानांचा गठ्ठा. तिची पाळी आली की ती पानं उलटायची, तेज मोजायची, खोडायची, पुन्हा मोजायची. बाकी तिघे मोबाइलमध्ये. तेज संपल्यावर ती म्हणाली, "आपण झोपू या ना? सकाळी परत भरतं ना ते?" लढाई करायची, झोपायचं, उठून लढाई करायची, हा या खेळांतला जुना रोग माझ्याही घरात शिरला होता. शेवटी तिने जे विचारलं ते जास्त लागलं. "अगं, हे सगळं ठीक आहे, पण हे आधीच्यापेक्षा वेगळं कशात आहे?"

कशातच नव्हतं. मंत्रांची नावं मराठी होती, एवढंच.

इथे एक कामाची गोष्ट. प्लेटेस्टचं रेकॉर्डिंग ठेवा. खेळाडूंची परवानगी घेऊन फोन टेबलाच्या मधोमध ठेवला की झालं. आपल्याला जे आठवतं आणि जे घडलेलं असतं त्यात फार अंतर असतं. कुणी हसलं कधी, गप्प कधी झालं, जांभई कुठे दिली, हे रेकॉर्डिंगमध्येच सापडतं.

त्यानंतर तीन आठवडे काहीच लिहिलं नाही, नुसतं वाचलं. मुख्य कुतूहल हे की मंत्र वापरला की ‘संपतो’ ही कल्पना आली कुठून. १९७४ साली डी अँड डी छापलं गेलं तेव्हा त्याचे एक कर्ते गॅरी गायगॅक्स यांनी ती जॅक व्हान्स या लेखकाच्या १९५० सालच्या कथांवरून उचलली होती. त्या कथांत मंत्र डोक्यात कोंबून ठेवावा लागतो आणि उच्चारला की तो डोक्यातून निघून जातो. त्या जगात ते शोभतं. आपण मात्र पन्नास वर्षं तेच स्लॉट, जग कुठलंही असो, तसेच वापरत आलोय. विसाव्या लेव्हलच्या विझार्डला, म्हणजे जादूगाराला, पाचव्या आवृत्तीत २२ स्लॉट मिळतात. का २२? खेळाचा तोल राहावा म्हणून. उत्तर बरोबर आहे, पण ते खेळाचं उत्तर आहे. माझ्या वाळवंटातल्या माणसाने विचारलं तर त्याला काय सांगणार?

दुसरं वाचलं ते आर्स मॅजिका, याच जातीच्या १९८७ सालच्या खेळाचं पुस्तक. त्यात मंत्रांची यादी तोंडपाठ करायची गरजच नाही. पाच लॅटिन क्रियापदं आणि दहा नामं, त्यांच्या पन्नास जोड्या. निर्माण कर अधिक अग्नी, जाण अधिक मन, असं जोडून जादू करायची. रात्री साडेबाराला ते वाचताना हेवा वाटला. किती सुटसुटीत! म्हटलं, मराठीत असंच करू. क्रियापदं मराठी, नामं मराठी. वहीत लिहिलंही. पण नामांची यादी करायला बसल्यावर ऑगस्टमधला गठ्ठा डोळ्यांपुढे आला आणि पेन ठेवलं.

मग पहिल्या सेशनचं रेकॉर्डिंग सहज लावलं. माझाच आवाज, "पण हे पाणी आलं कुठून?" आणि त्याचं उत्तर, "मंत्रातून."

कुठून. मंत्रातून. ऊन, हून. पंचमी.

शाळेत घोकलेला तो तक्ता आपल्या सगळ्यांच्या हाडात असतो. स ला ते, ने ए शी, ऊन हून, चा ची चे, त ई आ. मी वही पुन्हा उघडली. जादूचं वाक्य हे साधं मराठी वाक्य असेल. त्यात पंचमी असलीच पाहिजे, कारण या जगात काहीच नव्याने होत नाही, सगळं कुठून तरी उसनं येतं. ऊब हवी तर कुणाची तरी ऊब जाईल. पाणी हवं तर कुठलं तरी तळं खाली जाईल. आर्स मॅजिकातलं ‘निर्माण कर’ हे क्रियापदच माझ्याकडे नको होतं. त्या रात्री झोप लागली नाही. पद्धतीला नाव दिलं ‘उसनवारी’.

पुढचे पंधरा दिवस त्या तक्त्याशी झटापट. द्वितीया आणि चतुर्थीचे प्रत्यय सारखेच असल्याने दोन्ही एक केल्या. प्रथमेला प्रत्यय नाही, म्हणून ती मोजायची नाही. संबोधनाने भुतांना हाक मारता यावी असा मोह झाला होता, तो माझ्या तिसऱ्या खर्ड्यात सोडला. उरले पाच. ला म्हणजे कुणाला, ने म्हणजे कशाने, हून म्हणजे कुठून, चा म्हणजे कुणाचं, त म्हणजे कशात. क्रियापदं सहाच: आण, जोड, तोड, झाक, दाखव, बदल. ‘आण’च्या जागी आधी ‘ने’ होतं. तृतीयेच्या ‘ने’शी त्याची अशी गल्लत व्हायची की मीच माझं वाक्य वाचून गोंधळायचे.

आता फासे. नियम असा केला की वाक्यात जितक्या वेगवेगळ्या विभक्त्या, तितके सहा बाजूंचे फासे टाकायचे आणि बेरीज करायची. मुठीत मावेल अशा कामाला ६ हवेत, माणसाएवढ्याला १०, घराएवढ्याला १५. आणि दोन फाशांवर सारखा आकडा आला, म्हणजे जोडी पडली, तर जादू होईल पण तेवढ्या आकड्याचं ऋण चढेल.

हे लिहायला दहा मिनिटं लागली. खरोखर चालेल का ते बघायला चार दिवस. गणिताची भीती असेल तर ऑनलाइन ॲनीडाइस नावाचं फाशांचं कॅल्क्युलेटर आहे, पण जोडीचं गणित हाताने करून बघाच, समज येते. तीन फासे टाकले तर एकूण २१६ शक्यता. एकही जोडी नसावी तर पहिल्यावर ६ पैकी काहीही, दुसऱ्यावर उरलेले ५, तिसऱ्यावर ४, म्हणजे १२०. उरल्या ९६, म्हणजे जोडी पडायची शक्यता ४४ टक्के. दोन फाशांना हीच शक्यता १७ टक्के, चारला ७२, पाचला ९१. दुसऱ्या बाजूला माणसाएवढं काम, म्हणजे १० गाठायचे तर दोन फाशांनी १७ टक्के वेळा जमतं, तीनने साडेबासष्ट, चारने ९०. हे दोन रकाने शेजारी लिहिले आणि मी खुर्चीत मागे टेकले. तीन फासे घ्यावेत की चार, हा प्रश्न आपोआप अवघड झाला होता. नेमकं तेच हवं होतं. नुसता २० बाजूंचा फासा टाकला असता तर प्रत्येक आकड्याला सरळ ५ टक्के. जादूगाराने स्वतः किती धोका पत्करायचा हे ठरवायला तिथे जागाच नव्हती.

६ ऑक्टोबर, दुसरी प्लेटेस्ट. तेच चौघं. नियम दोन पानांचे. या वेळी मोबाइल कुणी काढले नाहीत, पण घोळ तीन झाले.

पहिला घोळ व्याकरणाचा. भावाने वाक्य केलं, "विहिरीतून पाणी आण." आणि दोन फासे उचलले. मी म्हटलं, पंचमी एकच. तो म्हणाला, "ताई, ‘तून’ म्हणजे त अधिक ऊन. सप्तमी अधिक पंचमी. दोन." मैत्रिणीने त्याची बाजू घेतली. मग ‘पासून’ शब्दयोगी अव्यय आहे की विभक्ती, यावर वीस मिनिटं गेली. खेळ थांबला होता पण मला मजा वाटत होती, आणि हीच धोक्याची घंटा होती. डीएमला मजा वाटते आणि खेळाडू ताटकळतात तेव्हा नियम वाईट असतो. शेवटी ठरलं की ‘कुठून?’ला जे उत्तर देतं ते पंचमी, मग व्याकरणाचं पुस्तक काहीही म्हणो. ‘तून’ला एकच फासा.

दुसरा घोळ षष्ठीचा. मैत्रीण म्हणाली, "सेनापतीच्या घोड्याच्या खोगिराच्या पट्ट्याचा टाका तोड." चार षष्ठ्या! टाका मुठीत मावतो, म्हणून ६ पुरे, आणि फासे मागितले चार. वाक्य इतकं झकास होतं की टाळी वाजवली, आणि मग नियम केला की एक विभक्ती एकदाच मोजायची. वर पंचमीही हवीच. तोडायला जोर लागतो, तो कुठून आणलास?

तिसरा घोळ सगळ्यात गंभीर आणि तो पूर्ण माझा. ऋणाच्या चिठ्ठ्या टेबलाच्या मधोमध ठेवायच्या असं ठरलं होतं. सेशन संपताना तिथे ११ चिठ्ठ्या होत्या, आणि मी एकही वसूल केली नव्हती. लढाई, एनपीसी (डीएमने चालवायची पात्रं), नकाशा या गडबडीत विसरलेच. खेळाडूंच्या ते लक्षात आलं होतं. दुसऱ्या तासापासून ते बिनधास्त चार-चार फासे टाकत होते. वसूल न होणारं ऋण म्हणजे फुकट जादू, आणि मी फिरून त्या १० गॅलनपाशी येऊन पोचले होते.

म्हणून एक नियम डीएमसाठी घातला. प्रत्येक सेशनची सुरुवात एका चिठ्ठीच्या वसुलीने होईल. १-२ असेल तर वस्तू बिघडते, ३-४ असेल तर जागेचं काही जातं, ५-६ असेल तर माणसाचं. कुणाच्याही नावावर १२ च्या वर ऋण साठलं की सगळं एकदम. डीएमलाही नियम लागतात हे पुष्कळ होमब्रू, म्हणजे स्वतःचे घरगुती नियम, लिहिणारे विसरतात. विसरण्यात मीही आहे.

शिवाय एक सवलत दिली. बेरीज कमी पडली आणि जोडीही पडली, तर आधी दोन्हीकडून मार बसत होता आणि खेळाडू हिरमुसले होऊन बसायचे. आता तिथे निवड आहे. दुप्पट ऋण घेऊन काम पार पाडा, नाहीतर सोडून द्या. आणि साठ सेकंदांचं वाळूचं घड्याळ. वाक्य तेवढ्या वेळात.

२४ नोव्हेंबरची तिसरी प्लेटेस्ट मला पाठ आहे. पार्टी मिठाच्या कोठारात अडकली होती, दाराला बाहेरून अडसर, आणि आत मीठ भराभरा ढासळत होतं. भावाने घड्याळ उलटं केलं आणि म्हणाला, "अंगातून ऊब काठीने बिजागरीत आण." हून, ने, त. तीन फासे.

मी विचारलं, "कुणाच्या अंगातून?"

तो थांबला. ‘माझ्या’ म्हटलं की षष्ठी, म्हणजे चौथा फासा, म्हणजे जोडीची शक्यता ४४ वरून ७२. त्याने हे गणित कधी केलं नव्हतं पण दोन सेशनांत ते हाताला कळलं होतं. वाळू संपत आली होती.

"सांगत नाही," तो म्हणाला.

असा नियम तोवर नव्हता. टेबल शांत झालं. आणि मला उमगलं की जे तो बोलला नाही ते माझं आहे. मी योद्धा खेळणाऱ्या मित्राकडे वळले आणि म्हटलं, "तुझे दात वाजायला लागतात." तो ओरडला, "अरे ए!" फासे पडले, ४, ४, ५. बेरीज १३. बिजागरी लाल झाली, दार कोसळलं, आणि चाराची एक चिठ्ठी मधे गेली. बाहेर पडल्यावर योद्ध्याने क्लेरिकशी पाच मिनिटं जे भांडण केलं ते कुणीही लिहून दिलेलं नव्हतं.

घरी येऊन नियमांत एक ओळ घातली: वाक्यात जे सांगितलं नाही ते डीएम ठरवेल. अख्ख्या पद्धतीतली सगळ्यात उपयोगी ओळ, आणि ती मी लिहिलीच नव्हती. जास्त बोलाल तर ताबा तुमचा, पण ऋणाची भीती. कमी बोलाल तर हात हलका, पण उधारी कुणाच्या खिशातून जाईल ते माहीत नाही.

डिसेंबरमध्ये कागदपत्रं. कंटाळवाणं आहे पण टाळू नका. लढाई, हिट पॉइंट, कौशल्यं हे सगळं मी पाचव्या आवृत्तीचंच ठेवलं होतं, फक्त जादू बदलली. दुसऱ्यांना पीडीएफ द्यायची तर परवाना बघणं आलं. २००० सालापासून ओपन गेम लायसन्स हाच रस्ता होता. जानेवारी २०२३ मध्ये तो बदलण्याच्या हालचालीवरून मोठा गदारोळ झाला आणि त्या महिन्याच्या २७ तारखेला मूळ नियमांचा दस्तऐवज, म्हणजे एसआरडी ५.१, क्रिएटिव्ह कॉमन्स बीवाय ४.० खाली खुला झाला. हा परवाना परत घेता येत नाही. तुमच्याकडून मागणी थोडीच: श्रेय द्या, परवान्याची लिंक द्या, काय बदललं ते सांगा. श्रेयाचा मजकूर एसआरडीच्या पहिल्याच पानावर तयार आहे, तो शब्दशः उतरवायचा, स्वतःच्या भाषेत सजवायचा नाही. ‘5ई कम्पॅटिबल’, म्हणजे पाचव्या आवृत्तीशी जुळणारं, असं लिहायला मुभा आहे, डी अँड डीच्या कंपनीचा लोगो लावायला नाही. आणि पुस्तकात आहे म्हणून एसआरडीत असेलच असं धरून चालू नका, प्रत्येक संदर्भ तिथे शोधून बघा. मला दोन संध्याकाळ लागल्या, दोन राक्षस आणि एक मंत्र गाळावा लागला.

मग आंधळी चाचणी. म्हणजे ज्या गटाला आपण ओळखत नाही त्यांना नुसती पीडीएफ द्यायची, समजावून सांगायला आपण तिथे नसायचं. मित्राच्या मित्राचा एक गट तयार झाला. १५ डिसेंबरला अकरा पानं पाठवली आणि वाट बघत बसले. एक आठवडा, दोन, तीन. आठवण करावी की नाही? एकदाच केली, चौथ्या आठवड्यात. १९ जानेवारीला त्यांनी खेळून रेकॉर्डिंग पाठवलं, तीन तासांचं.

ते ऐकणं म्हणजे काचेपलीकडून कुणीतरी आपलं घर आवरताना बघणं. त्यांनी ‘जोडी’ म्हणजे सम आकडा समजला होता. म्हणजे २, ४, ६ आला की ऋण! तासाभरात त्यांच्या टेबलावर तीस चिठ्ठ्या झाल्या आणि त्यांची जादूगार म्हणाली, "मी आता तलवारच वापरते." मी कानात हेडफोन घालून "नाही, नाही" म्हणत होते. दुसरं, वाक्य आधी बोलायचं की फासे आधी टाकायचे हे मी कुठेच लिहिलं नव्हतं. माझ्या टेबलावर ते कुणाला सांगावंच लागलं नव्हतं. ते लोक फासे टाकून, आकडा बघून मग वाक्य जुळवत होते.

तीन दिवस पीडीएफ उघडली नाही. मग उघडली आणि अकरा पानांची सहा केली. इतिहास गेला, चार शहरांची वंशावळ गेली, माझी आवडती प्रस्तावना गेली. ‘जोडी’च्या पुढे फाशांचं चित्र आलं. क्रम आला: बोला, उचला, टाका, बघा. आणि पहिल्या पानावर एका चालत्या खेळातला अर्ध्या पानाचा संवाद, चुकांसकट. नियम समजावणारी दोन पानं लिहिण्यापेक्षा असा एक संवाद लिहा, लोक तोच वाचतात. फेब्रुवारीत त्याच गटाने पुन्हा खेळून बघितलं. या वेळी त्यांचे प्रश्न जादूबद्दल नव्हते, माझ्या शहरांबद्दल होते.

अजून न सुटलेलं एक आहे. ज्याला पटकन बोलता येत नाही तो या पद्धतीत मागे पडतो. आमचा योद्धा म्हणूनच योद्धा राहिला. त्याच्यासारख्यांसाठी आधी लिहून ठेवलेली तीन वाक्यं जवळ बाळगायची मुभा दिली आहे, पण ती पुरेशी वाटत नाही.

२३ मार्चला कॅम्पेन पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. तेच चौघं, तीच पहिली लेव्हल, तीच वेस. जून महिन्यातलं वर्णन मी जसंच्या तसं वाचलं. तहानेने कासावीस जथा, शेवटचा बुधला. भावाने दोन फासे उचलले, घड्याळ उलटं केलं.

"हंड्यात पाणी आण…"

"कुठून?"

त्याने जथ्याकडे, म्हणजे मी टेबलावर मांडलेल्या सोंगट्यांकडे पाहिलं. मग नकाशाकडे. नकाशावर पाण्याची खूण एकच होती, आणि तिच्याभोवती चार शहरं. विहिरीचं नाव घेतलं तर कुठल्या शहराच्या वाट्याचं? नाही घेतलं तर मी ठरवणार. तो ओठ हलवत काहीतरी जुळवत होता, मोडत होता. वाळू संपली. त्याने फासे खाली ठेवले.

"ताई, यांना विहिरीपर्यंत चालवत नेलं तर किती दिवस लागतील?"

मी जूनची वही काढली. वेशीपासून पुढचं सगळं तिच्यात तसंच लिहून ठेवलेलं होतं.